जिन्यात ऐकलेलं पुस्तक

माझ्या वहिनीने आयुष्यात कितीतरी पुस्तकं मोठ्याने वाचली आणि त्यातलं एकही तिने स्वतः निवडलेलं नव्हतं. प्रकाशक पाठवेल ते वाचायचं. आज कुठल्या तरी बुडित गावांचं आंदोलन, उद्या समुद्रातल्या खजिन्यामागे लागलेल्या दोन भावांची साहसकथा, परवा जागतिकीकरणावरचा जाडजूड ग्रंथ, आणि त्याच गठ्ठ्यात सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एखादं पिवळं पुस्तक. पिवळं म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. जे वाचतात त्यांना कळतं, आणि जे वाचत नाही म्हणतात त्यांना जास्तच कळतं.

काम असं होतं. लेखकाचं हस्तलिखित वहिनीने मोठ्याने वाचायचं. समोर मास्तर छापलेल्या प्रुफावर नजर ठेवून बसायचे आणि फरक दिसला की समासात लाल खूण करायचे. स्वल्पविराम आला की वहिनी पेन्सिलीने टेबलावर एकदा टक करायची, पूर्णविरामाला दोनदा, आणि परिच्छेद संपला की तळहाताची हलकी थाप. विरामचिन्हांची नावं उच्चारत बसलं तर पुस्तक वर्षभर संपायचं नाही, असं मास्तरांचं म्हणणं. ते शाळेतले मास्तर नव्हेत. छापखान्यात सगळे त्यांना मास्तर म्हणत, म्हणून आम्हीही. पूर्वी त्यांची बायको त्यांना वाचून दाखवायची. ती गेल्यावर त्यांनी एकट्याने प्रुफं बघायचा प्रयत्न केला, तर एका साहसकथेतला नायक बुडायच्या आधीच किनाऱ्याला लागला. मधलं अख्खं पान गळलं होतं. मग प्रकाशकाने स्वच्छ उच्चारांच्या माणसाचा शोध सुरू केला आणि वहिनीला काम मिळालं.

दादाने परवानगी दिली, पण सुखासुखी नाही. माझा दादा कारखान्याच्या गेटवर झडती घ्यायचा. पाळी सुटली की कामगारांच्या पिशव्या उघडायच्या, डबे उघडायचे, खिसे चाचपायचे, कोणी आतलं काही बाहेर नेत नाही ना ते बघायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या डब्यात डोकावणारा माणूस घरी येऊन सरळ डोळ्यांनी बघेल अशी अपेक्षाच चूक. घरी आला की आधी दुधाचं पातेलं हुंगायचा, मग कड्या बघायचा, मग आम्हा दोघींचे चेहरे. संशय आमच्या रक्तातच आहे. माझं लग्न मोडलं तेही संशयापायी. नवऱ्याच्या नव्हे, माझ्या. आणि माझा संशय खरा निघाला, म्हणून मी मान वर करून भावाकडे परत आले आणि शिलाई मशीन घेऊन आतल्या खोलीत बसले.

दादाच्या अटी दोन. मास्तर आले की बाहेरचं दार सताड उघडं ठेवायचं, आणि मी घरात असायचं.

"वन्सं आहेतच की घरात," वहिनी म्हणाली, "मग दार कशाला?"

"ती मशीनवर असते. मशीनच्या आवाजात काय ऐकू येतं?" दादा म्हणाला.

यात दादाची मोठीच चूक झाली. आमच्या इमारतीचा जिना म्हणजे नुसती विहीर. वर कोणी शिंकलं तर तळमजल्यावरचा माणूस रुमाल शोधतो. उघड्या दारातून वहिनीचं वाचन रोज जिन्याने खाली उतरायला लागलं, आणि खाली राहायची बिनतारी.

बिनतारी हे आम्ही दिलेलं नाव. तारेवाचून बातमी पोचवणारी म्हणून. तिने पहिल्या महिन्यात ऐकलं ते असं: "उद्या सकाळी रस्ता अडवायचा. टक. कोणी मागे हटायचं नाही. टक टक." बाईंनी तीन दिवस आमच्याकडे बघणं सोडलं. पुढे साहसकथा आली, तेव्हा आमच्या घरातून भरदुपारी सुरा, दोरखंड आणि प्रेत असे शब्द यायला लागले, तेही टकटकीसकट. बिनतारीला वाटलं आम्ही खुणांची भाषा बोलतो. तेही तिने पोटात ठेवलं म्हणायचं. पण मग गठ्ठ्यातलं खालचं पुस्तक वर आलं.

मास्तर संकोची माणूस. त्यांनी विचारलं, "बाई, आज दार जरा लोटून घेऊ का?"

"यांनी उघडं ठेवायला सांगितलंय," वहिनी म्हणाली आणि वाचायला लागली.

आता मी खरं सांगते. वहिनीने ते ज्या आवाजात वाचलं त्या आवाजात लोक आगगाडीचं वेळापत्रक वाचतात. नायिकेचा पदर कुठे गेला, नायकाचे ओठ कुठे गेले, सगळं एकाच पट्टीत. स्वल्पविरामाला टक, पूर्णविरामाला टक टक. मास्तरांचे कान लाल झाले होते, पण पेन्सिल थांबत नव्हती. थांबायचं ते माझं मशीन. जरा रंगत आली की माझा पाय आपोआप पायट्यावरून निघायचा आणि वहिनी हस्तलिखितातून डोळे न काढता विचारायची, "वन्सं, दोरा तुटला का?"

हीच तिची तऱ्हा. तिला कशाचं काही वाटतं का, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती आमच्याशी याच आवाजात बोलायची. भाजी संपली, पाणी आलं, तुमच्या आत्याबाई गेल्या, सगळं त्याच पट्टीत. ताकास तूर लागू द्यायची नाही. दादाला वाटायचं ही काहीतरी लपवते. मला वाटायचं हिच्याकडे लपवण्यासारखं काही नाहीच. दोघेही चुकत होतो, पण ते पुढे.

बिनतारीने दादाला जिन्यातच गाठलं. "भाऊ, मी काही म्हणत नाही हं," अशी सुरुवात केली, म्हणजे सगळं म्हणून टाकलं असणार. दादा वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच माझ्या मनात पाल चुकचुकली. वहिनी स्वयंपाकघरात होती. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि खालच्या आवाजात झडती सुरू केली.

"मास्तर बसतात कुठे?"

"खुर्चीत."

"आणि ती?"

"दुसऱ्या खुर्चीत."

"मध्ये काय?"

"टेबल."

"केवढं टेबल?"

"दादा, ते टेबल तूच आणलंस."

त्याने स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली. मग म्हणाला, "ते वाचतात काय?"

"प्रकाशक पाठवेल ते."

"मला म्हणाली होती सामाजिक पुस्तकं असतात."

"सामाजिकच असतात. मधूनमधून जरा जास्त सामाजिक."

त्याला हसू आलं नाही. उलट त्या दिवसापासून त्याने वहिनीवर नजर ठेवली. ती अंग धुऊन कोणते कपडे घालते, मास्तरांना चहा कोणत्या कपातून देते, आरशासमोर किती वेळ उभी राहते. रात्री जेवताना तो तिला विचारायचा, "आज काय वाचलंत?" आणि ती सांगायची, "बारावं प्रकरण." एवढंच. यात खोटं काही नसायचं, पण दादाला खऱ्यातही फट दिसायची. सरळ विचारायची हिंमत त्याला नव्हती. सरळ विचारलं की सरळ उत्तर येतं, आणि मग संशय घ्यायला जागा उरत नाही.

माझं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं होतं. माझ्या ध्यानात आलं की पिवळी पुस्तकं हे दोघे भराभर उडवतात. साहसकथा तर दोन-चार बैठकांत. पण ते जागतिकीकरणाचं पुस्तक काही केल्या हलत नव्हतं. आकडे, तह, बंदरं, कुठल्या देशातला कारखाना कुठल्या देशात गेला, असलं रुक्ष पुस्तक. ते वाचायला लागले की टकटक मध्येच थांबायची. मग कुजबुज नव्हे, पण काहीतरी बोलणं चालायचं. मी मशीन थांबवलं तरी वहिनी दोऱ्याची चौकशी करायची नाही. म्हणजे तिचं लक्षच नसायचं. इथे पाणी मुरतंय, असं मला वाटलं. पण दादाला काय सांगणार? की तुझी बायको आयात शुल्काच्या प्रकरणात फार वेळ काढते?

म्हणून मी मूग गिळून बसले. माझ्या जागी कोणीही बसलं असतं.

मग ती दुपार आली. मी शिवलेले पडदे द्यायला पलीकडच्या रस्त्यावर गेले होते. तेवढ्यापुरती दादाची दुसरी अट मोडली होती, पण पहिली शाबूत होती. परत आले आणि जिना चढायला लागले, तर आमच्या मजल्याखालच्या वळणावर दादा उभा. कामाच्या कपड्यात, चपला काढून हातात घेतलेल्या. पाळी अर्धी टाकून आला होता. मला बघून त्याने बोट ओठांवर ठेवलं. मी त्याच्या खालच्या पायरीवर थांबले. बहीण-भाऊ आम्ही, एकमेकांना काही समजावून सांगावं लागत नाही.

वरून वहिनीचा आवाज येत होता आणि तो मला ओळखू आला नाही.

म्हणजे आवाज तिचाच होता. पण तो वर चढत होता, खाली येत होता, अडत होता. ती वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, "थांबा मास्तर, हे मला परत वाचू द्या." मास्तर काहीतरी म्हणाले आणि ती हसली. खळखळून, तोंडावर हात न ठेवता. दादाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत प्रश्न होता, की ही अशी घरात कधी हसली होती का. मी मान खाली घातली.

मग तिने ते परत वाचलं. पिवळं पुस्तक नव्हतं. तेच जाडं, रुक्ष पुस्तक. त्यात कुठल्याशा गावातला एक कारखाना बंद होतो. यंत्रं सुटी करून जहाजावर चढवतात. शेवटच्या दिवशी सगळे कामगार बाहेर पडतात आणि सगळ्यात शेवटी गेटवरचा झडतीवाला. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे डबे उघडलेले. आता नव्या मालकाने पाठवलेला माणूस त्याला अडवतो आणि त्याचा डबा उघडायला सांगतो. डब्यात सकाळचं अन्न तसंच असतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलेलं नसतं.

वहिनीचा आवाज इथे फाटला. टक झाली नाही, टक टक झाली नाही. 

"बिचारा," ती म्हणाली. "घरी जाऊन त्याने बायकोला सांगितलं असेल का हो?"

"तिने विचारलं असेल तर," मास्तर म्हणाले.

"नसेल विचारलं," वहिनी म्हणाली. "अशी माणसं काही विचारू देत नाहीत. सारखे आपलेच प्रश्न."

दादा माझ्या समोर, एक पायरी वर उभा होता. त्याने कठडा घट्ट धरला होता. मला वाटलं आता हा धाडधाड वर जाईल. आरडाओरडा करेल, मास्तरांना हाकलेल. मनातून मला तेच हवं होतं, कारण तसं झालं असतं तर निदान काय झालं ते कळलं असतं. पण तो वळला आणि खाली उतरायला लागला. मी त्याच्या मागोमाग. इमारतीच्या दाराबाहेर आल्यावर त्याने चपला घातल्या.

"ते पिवळं नव्हतं ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. पण त्याचा चेहरा असा झाला होता की पिवळं असतं तर बरं झालं असतं. पिवळ्याला शिक्षा करता येते. बायकोला मुद्देमालासकट पकडता येतं. इथे डबा उघडला आणि आत सापडलं काय, तर दया. तीही त्याच्यासारख्याच एका माणसाबद्दल, जो कागदावरचा होता.

मला दादाची फार कीव आली. आणि वहिनीचा रागही आला, अगदी तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं सगळं हिच्याकडे होतं, तर आमच्यासमोर इतकी वर्षं वेळापत्रक का वाचत बसली? पुढे विचार केला तेव्हा वाटलं, आम्ही दोघांनी तिला तेवढंच वाचायला ठेवलं होतं. पण हे शहाणपण नंतरचं. त्या दुपारी मी नुसती रागावले होते.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "उद्यापासून मास्तरांना येऊ नका म्हणून सांग."

वहिनीने त्याच्या पानात वाढता वाढता विचारलं, "का?"

"शेजारीपाजारी बोलतात. तसली पुस्तकं या घरात नकोत."

"तसली सोडते," वहिनी लगेच म्हणाली. "प्रकाशकाला सांगते, पिवळी दुसऱ्या कोणाला द्या. बाकीची करते."

दादाचा घास हातातच राहिला. त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. भांडण करायला त्याने जी सबब आणली होती ती तिने एका वाक्यात काढून घेतली होती.

"बाकीची तर मुळीच नकोत," तो म्हणाला.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पळी पातेल्याच्या काठाला लागून वाजली.

"हातातलं पुस्तक अर्धं झालंय," ती म्हणाली. तिचा तोच सपाट आवाज परत आला होता. "पहिलं प्रूफ वाचून झालं की दुसरं यायचंय. मी शब्द दिलाय. समोर बसून बघायला कोणीतरी लागतं."

"मी बसेन," दादा म्हणाला.

मला वाटलं रागाच्या भरात बोलला. पण तो खरंच बसला. उरलेलं पहिलं प्रूफ मास्तरांनी घरी नेऊन एकट्याने संपवलं. जाताना त्यांनी जिन्यात माझा निरोप घेतला, वहिनीचा नाही. "बाईंना सांगा, त्यांच्याइतकं चांगलं कोणी वाचत नाही," एवढंच म्हणाले. मी तो निरोप दिला नाही. काय सांगावं, त्यात काही असलं तर?

दुसरं प्रूफ आलं तेव्हा दादाला सुट्टी होती. वहिनीने त्याला खुणा शिकवल्या. जास्तीचं अक्षर कसं खोडायचं, राहिलेला शब्द कुठे लिहायचा. तो टेबलाशी बसला, अंघोळ करून, केस विंचरून, मास्तरांच्याच खुर्चीत. मी त्याला इतकं नीटनेटकं त्याच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. कामात तो हुशार निघाला. संशयी माणसाला प्रूफ उत्तम जमतं. प्रत्येक अक्षराकडे तो असं बघायचा की याने पोटात काहीतरी दडवलंय. मास्तरांच्या नजरेतून सुटलेल्या चुकासुद्धा त्याने धरल्या आणि दरवेळी मान वर करून वहिनीकडे पाहिलं. ती म्हणायची, "बरोबर," आणि पुढे वाचायची.

मी आत मशीनवर होते, पण मशीन बंद होतं. ते प्रकरण जवळ येत होतं हे मला कळत होतं. दादालाही कळत होतं, कारण त्याने खुर्ची पुढे ओढली.

कारखाना बंद झाला. यंत्रं जहाजावर चढली. कामगार बाहेर पडले. वहिनी वाचत होती, टक, टक टक, पट्टी हलली नाही. गेटवरचा माणूस आला. त्याला अडवलं. दादाची लाल पेन्सिल कागदावरून उचलली गेली. तो प्रुफाकडे बघतच नव्हता, वहिनीच्या तोंडाकडे बघत होता. एखादं लहान मूल आईच्या हाताकडे बघतं तसा.

"जरा सावकाश वाच," तो म्हणाला.

ती सावकाश वाचायला लागली. पण आवाज तोच.

"असं नाही," दादा म्हणाला. "तसं वाच ना."

"कसं?"

वहिनीने हस्तलिखित खाली ठेवलं आणि उत्तराची वाट बघत राहिली.  सांगायचं म्हणजे त्याला जिना सांगावा लागला असता, हातातल्या चपला सांगाव्या लागल्या असत्या, आणि आपण काय पकडायला आलो होतो तेही. त्याने लाल पेन्सिल परत कागदावर टेकवली. 

"काही नाही," तो म्हणाला. "वाच पुढे."

आणि वहिनीने पुढे वाचलं. गेटवरच्या माणसाचा डबा उघडला, आत सकाळचं अन्न तसंच होतं, टक टक. तिथे ती जराही थांबली नाही.